जावाच्या 'फाइल.एन्कोडिंग' सेटिंगविषयीची जुनी सूचना आणि मराठी मजकुरातले हरवणारे पहिले उकार

तक्रार दर वेळी एकाच स्वरूपात येते. जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला एखादा प्रोग्राम गावांची किंवा व्यक्तींची नावे असलेली फाइल वाचतो, यादीची जुळवाजुळव करतो आणि नवी फाइल तयार करतो. नव्या फाइलीत 'नाशिक', 'सातारा', 'नागपूर', 'ठाणे', 'सांगली' ही नावे बिनचूक उतरलेली असतात. परंतु 'पुणे', 'मुंबई', 'धुळे', 'कोल्हापूर', 'रत्नागिरी' ही नावे मधूनच फुटतात आणि फुटलेल्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह व त्याला लागून एक साधे प्रश्नचिन्ह दिसते. निम्मी नावे बरोबर असल्यामुळे संशय आधी फॉन्टवर जातो, मग ज्याने नावे टंकली त्याच्यावर जातो, आणि एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीचा, विचार शेवटी होतो, कारण एन्कोडिंग बिघडले तर सगळाच मजकूर बिघडायला हवा अशी आपली समजूत असते.

आमच्या संघात ही तक्रार पुन्हा पुन्हा उद्भवत राहिली, याचे मूळ अखेर प्रोग्रामइतकेच आमच्या स्थापना-मार्गदर्शिकेत सापडले. जेडीके ८, म्हणजे जावाच्या विकाससंचाची आठवी आवृत्ती, हिच्या काळात लिहिलेल्या त्या मार्गदर्शिकेतील एक परिच्छेद सगळे जण जसाच्या तसा उतरवून घेत असत. त्यात तीन विधाने होती. जावा संगणकाचे एन्कोडिंग आपोआप स्वीकारते, म्हणून वेगळे काही करावे लागत नाही, हे पहिले. तरीही मराठी नीट उमटत नसेल तर प्रोग्रामच्या आरंभी 'सिस्टिम.सेटप्रॉपर्टी' वापरून 'फाइल.एन्कोडिंग' ही सेटिंग यूटीएफ-८ (जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडचा मजकूर साठवण्याची पद्धत) करावी, हे दुसरे. आणि खात्री करण्यासाठी फाइलीत 'मराठी' हा शब्द लिहून तो प्रोग्राममधून जसाच्या तसा परत येतो का ते पाहावे, हे तिसरे. यांतील पहिले विधान एके काळी खरे होते आणि आज नाही, दुसरे कधीच खरे नव्हते, आणि तिसऱ्याने बाकी दोघांची चूक इतकी वर्षे झाकून ठेवली. (या लेखात सेटिंगांची नावे देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्ष आज्ञा देताना ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.)

तिसऱ्या विधानापासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण बिघाडाची सगळी यंत्रणा त्यातून उलगडते.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा) घेते. पहिला बाइट नेहमी २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५, आणि तिसरा चिन्हानुसार बदलतो. भारतीय इंग्रजी निवडलेल्या विंडोजवर मात्र युनिकोडपूर्व प्रोग्रामांसाठी १२५२ क्रमांकाचे कोड पेज (कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर हे सांगणारे कोष्टक) चालते, आणि जेडीके १७ पर्यंतचे जावा वेगळे काही न सांगितल्यास हेच कोड पेज धरून चालत असे. मराठीसाठी म्हणून विंडोजमध्ये असे कोड पेज कधी तयारच केले गेले नाही. हिंदी, मराठी, कोंकणी या भाषा तेथे केवळ युनिकोडच्या आधाराने आल्या. त्यामुळे 'जावा संगणकाचे एन्कोडिंग घेते' हे वाक्य मराठीपुरते विंडोजवर आरंभापासूनच निरुपयोगी होते, कारण घेण्याजोगे एन्कोडिंगच तेथे नव्हते.

कोड पेज १२५२ मध्ये एका बाइटचे एक अक्षर होते. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली फाइल या कोड पेजने वाचली, की 'मराठी' या शब्दाची पाच चिन्हे पंधरा असंबद्ध रोमन अक्षरे आणि खुणा बनून प्रोग्राममध्ये येतात. प्रोग्रामने तो मजकूर त्याच कोड पेजने पुन्हा फाइलीत लिहिला, तर प्रत्येक खुणेचा मूळ बाइट परत मिळतो आणि फाइल उघडणाऱ्याला 'मराठी' शुद्ध दिसते. वाचताना एक चूक आणि लिहिताना तिच्या उलट दिशेची तीच चूक झाल्यामुळे दोन्ही एकमेकींना झाकतात. प्रोग्रामच्या आत त्या शब्दाची लांबी पाचऐवजी पंधरा झालेली असते, अक्षरक्रम चुकतो, शोध फसतो. पण फाइल पाहणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

हे आवरण पाच ठिकाणी फाटते. १२५२ च्या कोष्टकात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच बाइटांच्या जागा रिकाम्या आहेत. वाचताना यांतील एखादा बाइट आला, तर जावा त्याऐवजी 'अज्ञात अक्षर' हे चिन्ह ठेवते. आणि लिहिताना ते चिन्ह १२५२ मध्ये मांडता येत नाही म्हणून साधे प्रश्नचिन्ह, म्हणजे ६३ हा बाइट, लिहून मोकळे होते. मूळ बाइट कायमचा जातो. आता हे पाच बाइट देवनागरीत कोणाच्या वाट्याला आले आहेत ते पाहावे. दुसरा बाइट १६५ असताना १२९ म्हणजे पहिला उकार, आणि १४१ म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह, ज्यावाचून एकही जोडाक्षर लिहिता येत नाही. दुसरा बाइट १६४ असताना १४३ म्हणजे 'ए', १४४ म्हणजे 'ऐ', १५७ म्हणजे 'झ', १४१ म्हणजे 'ऍ', तर १२९ म्हणजे चंद्रबिंदू. म्हणून 'नागपूर' वाचते, कारण त्यात दुसरा उकार आहे, आणि 'पुणे' फुटते, कारण त्यात पहिला आहे. 'सांगली' टिकते आणि 'कोल्हापूर' तुटते. 'मराठी' या शब्दात पहिला उकार नाही, जोडाक्षर नाही, ए, ऐ किंवा झ नाही. आपल्या भाषेचेच नाव ही चूक पकडण्यास असमर्थ असावे आणि नेमके तेच परीक्षेसाठी निवडले जावे, याचे मला आजही वाईट वाटते. 'महाराष्ट्र' लिहिले असते तरी दोष पहिल्याच दिवशी उघड झाला असता.

नव्या मार्गदर्शिकेत परीक्षेसाठी मी पुढील वाक्य घातले आहे: 'ऐरोलीत एक झाड पुन्हा लावले'. मराठीत नित्य लागणारी आणि धोक्यातली पाचही चिन्हे या वाक्यात एकेकदा येतात. यूटीएफ-८ मध्ये, शेवटी नवी ओळ न घालता, त्याची फाइल बरोबर ७० बाइटांची होते: देवनागरीची २२ चिन्हे प्रत्येकी तीन बाइटांची आणि चार मोकळ्या जागा. मात्र केवळ आकार पाहून समाधान मानू नये, कारण वर सांगितलेल्या दुहेरी चुकीतून गेलेली फाइलसुद्धा ७० बाइटांचीच राहते. फरक इतकाच, की तिच्यात ६३ हा बाइट पाच ठिकाणी आढळतो. फाइल २६ बाइटांची झाली असेल तर प्रकार वेगळा आहे: मजकूर प्रोग्राममध्ये शुद्ध स्वरूपात आला होता, बहुधा डेटाबेसमधून, आणि लिहिताना प्रत्येक चिन्हाचे एकेक प्रश्नचिन्ह झाले. आकार १४० बाइटांच्या आसपास किंवा त्याहून मोठा असेल आणि मजकुरात डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' वारंवार दिसत असेल, तर वाचन १२५२ ने आणि लेखन यूटीएफ-८ ने झाले आहे. एक प्रोग्राम नव्या जेडीकेवर आणि दुसरा जुन्यावर ठेवणाऱ्यांकडे हा तिसरा प्रकार हमखास आढळतो.

आता दुसरे विधान. जावा आपले मूलभूत एन्कोडिंग सुरू होतानाच ठरवते आणि पुढे तेच वापरत राहते. प्रोग्राम चालू झाल्यावर 'सिस्टिम.सेटप्रॉपर्टी' ने सेटिंगचे मूल्य बदलले तरी आधीच ठरलेले एन्कोडिंग बदलत नाही. यातला खरा घात असा, की त्यानंतर कोणी 'फाइल.एन्कोडिंग' चे मूल्य लॉगमध्ये छापले तर तेथे यूटीएफ-८ असेच उमटते, आणि तपासणारा निश्चिंत होतो. खरे उत्तर हवे असेल तर 'कॅरसेट' वर्गातील 'डिफॉल्टकॅरसेट' या मेथडला विचारावे. जेडीके १७ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर ही सेटिंग द्यायचीच असेल, तर ती जावा सुरू करणाऱ्या आज्ञेतच, 'वजा डी' लावून द्यावी लागते. त्या काळी अनेकांनी तसे केले आणि ते चालतही असे, परंतु अधिकृतरीत्या ती जावाची अंतर्गत बाब होती आणि बाहेरून बदलण्याच्या सोयीची हमी कोणी दिलेली नव्हती.

ही स्थिती मार्च २०२२ मध्ये आलेल्या जेडीके १८ ने बदलली. जेईपी ४०० या प्रस्तावानुसार, संगणक कोणताही असो आणि त्याची भाषा कोणतीही असो, जावाचे मूलभूत एन्कोडिंग यूटीएफ-८ झाले. त्याचबरोबर 'फाइल.एन्कोडिंग' या सेटिंगला प्रथमच अधिकृत अर्थ मिळाला आणि तिची मान्य मूल्ये दोनच राहिली: यूटीएफ-८, जे आता न सांगताही लागू असते, आणि 'कॉम्पॅट', ज्यामुळे जेडीके १७ पर्यंतची रीत परत येते. याखेरीज दुसरे कोणतेही मूल्य दिल्यास काय घडेल याची हमी नाही. दीर्घकाळ पाठबळ मिळणाऱ्या आवृत्त्यांच्या भाषेत सांगायचे तर ८, ११ आणि १७ या एका बाजूला आहेत, २१ आणि २५ दुसऱ्या बाजूला. मार्गदर्शिकेतील कोणतेही वाक्य यांपैकी कोणत्या बाजूविषयी बोलत आहे हे न सांगता लिहिले गेले असेल, तर ते वाक्य चुकीचे समजावे.

१७ वरून २१ वर जाणाऱ्यांना एक विशेष सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. नव्या जेडीकेवर एखादी जुनी, १२५२ मध्ये साठवलेली फाइल वाचताना अडचण आली, की कोणीतरी 'कॉम्पॅट' हे मूल्य सुचवतो. ती फाइल वाचता येते, अडचण सुटल्यासारखी वाटते आणि काही दिवसांनी 'पुणे' पुन्हा फुटू लागते. एका जुन्या फाइलीसाठी साऱ्या प्रोग्रामचे एन्कोडिंग मागे नेऊ नये. ती फाइल वाचणाऱ्या ओळीतच तिचे एन्कोडिंग स्पष्ट सांगावे.

सेटिंग नेमकी कोठून येते हे शोधण्यात सर्वांत जास्त वेळ जातो, कारण ती आपण उघडलेल्या फाइलीत असेलच असे नाही. 'जावा_टूल_ऑप्शन्स' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामबाहेर, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ठेवलेले मूल्य) प्रत्येक जावा प्रक्रिया वाचते, आणि तो वाचल्याची एक ओळ सुरुवातीला छापतेही. ती ओळ आपण सवयीने दुर्लक्षित करतो. 'जेडीके_जावा_ऑप्शन्स' हा दुसरा व्हेरिएबल जेडीके ९ पासून आहे आणि तो केवळ जावाच्या सुरू करणाऱ्या आज्ञेला लागू होतो. विंडोजवर टॉमकॅट हा जावाचा वेबसर्व्हर सेवा म्हणून चालत असेल तर 'सेटएन्व्ह' फाइलीत घातलेली सेटिंग त्या सेवेपर्यंत पोहोचतच नाही. सेवेचे जावा पर्याय स्वतंत्रपणे साठवलेले असतात. म्हणून स्क्रिप्ट वाचत बसण्यापेक्षा चालू प्रक्रियेलाच विचारावे: 'जेसीएमडी' या साधनाला प्रक्रियेचा क्रमांक आणि 'व्हीएम.सिस्टिम_प्रॉपर्टीज' ही आज्ञा दिली, की त्या क्षणी नोंदलेली सर्व मूल्ये समोर येतात. तेथे 'फाइल.एन्कोडिंग' बरोबरच 'नेटिव्ह.एन्कोडिंग' हेही मूल्य पाहावे. जेडीके १७ पासून उपलब्ध असलेले हे मूल्य संगणकाचे स्वतःचे एन्कोडिंग सांगते, म्हणजे जुन्या रीतीने जावाने काय धरले असते ते कळते.

लिनक्सवर याच दोषाचे रूप निराळे असते. यूटीएफ-८ लोकेल (भाषा व एन्कोडिंग सांगणारी सेटिंग) असलेल्या यंत्रावर जुने जावाही व्यवस्थित चालते. पण कंटेनरमध्ये (प्रोग्रामसाठी वेगळ्या बांधलेल्या वातावरणात) किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) चालणाऱ्या कामात लोकेल ठरलेलेच नसेल, तर जेडीके १७ पर्यंतचे जावा साधे ॲस्की (फक्त मूळ इंग्रजी अक्षरांचे एन्कोडिंग) धरते आणि देवनागरीचे एकही अक्षर टिकत नाही. दिवसा हाताने चालवलेला प्रोग्राम नीट चालतो आणि रात्री आपोआप चालणारा तोच प्रोग्राम प्रश्नचिन्हे लिहितो, याचे कारण बहुधा हेच असते. येथे एक गोष्ट जेडीके १८ नंतरही बदललेली नाही आणि ती मार्गदर्शिकेत ठळकपणे लिहिली पाहिजे: फाइलींच्या नावांसाठी लिनक्सवरील जावा अजूनही लोकेलच पाहते. फाइलीच्या आतला मजकूर यूटीएफ-८ ने बिनचूक वाचला जाईल, परंतु फाइलीचे नावच देवनागरीत असेल आणि लोकेल नसेल, तर 'इनव्हॅलिडपाथएक्सेप्शन' हा दोष येईल. त्यासाठी 'लँग' या व्हेरिएबलला 'सी.यूटीएफ-८' हे मूल्य देणे आजही आवश्यक आहे.

कन्सोलचाही, म्हणजे आज्ञा देण्याच्या व मजकूर छापण्याच्या खिडकीचाही, वेगळा विचार करावा लागतो. जेडीके १८ ने फाइलींचे मूलभूत एन्कोडिंग बदलले, पडद्यावर छापण्याचे नव्हे. ते कन्सोलच्या एन्कोडिंगनुसारच चालते, आणि जेडीके १९ पासून त्यासाठी 'स्टडआउट.एन्कोडिंग' ही सेटिंग आहे, जी सुरू करणाऱ्या आज्ञेत यूटीएफ-८ करता येते. शिवाय विंडोजचा जुना कन्सोल देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवत नाही, त्यामुळे बाइट बरोबर असूनही मजकूर विस्कटलेला दिसू शकतो. एक्सेलचेही असेच आहे: आरंभी बॉम (एन्कोडिंग ओळखण्यासाठीची अदृश्य खूण) नसलेली यूटीएफ-८ सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली तर मजकूर बिघडलेला भासतो, आणि उपाय म्हणून बॉम घातल्यास जावा तो वाचताना काढून टाकत नाही, त्यामुळे पहिल्या स्तंभाच्या नावाला एक अदृश्य चिन्ह चिकटते. निर्णय नेहमी बाइट पाहून करावा, पडदा पाहून नव्हे.

खरी दुरुस्ती मात्र कोणत्याही सेटिंगमध्ये नाही. जेथे मजकूर प्रोग्राममध्ये शिरतो किंवा बाहेर पडतो, त्या प्रत्येक ओळीत एन्कोडिंग लिहून टाकावे, म्हणजे जेडीके कोणतेही असो, उत्तर एकच येते. 'फाइलरीडर' आणि 'फाइलरायटर' यांना एन्कोडिंग सांगता येत नाही असे जुन्या मार्गदर्शिकेत होते. जेडीके ११ पासून ते सांगता येते. 'गेटबाइट्स' ही मेथड रिकाम्या कंसांनी कधीच वापरू नये. शक्य असेल तेथे 'फाइल्स' वर्गातील 'न्यूबफर्डरीडर' आणि 'न्यूबफर्डरायटर' वापरावेत, कारण ते जेडीके ८ पासून मूलतःच यूटीएफ-८ धरतात आणि, माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे म्हणजे, चुकीचा बाइट आला तर गुपचूप प्रश्नचिन्ह न घालता दोष कळवून थांबतात. 'इनपुटस्ट्रीमरीडर' ला नुसते एन्कोडिंगचे नाव दिले तर तो थांबत नाही, बदली चिन्ह ठेवून पुढे जातो. लोकांच्या नावांच्या बाबतीत थांबणारा प्रोग्राम मला कधीही अधिक विश्वासार्ह वाटतो. जुन्या कोडमध्ये एन्कोडिंग न सांगितलेल्या ओळी शोधण्यासाठी एरर प्रोन आणि स्पॉटबग्ज या दोन्ही साधनांत तयार तपासण्या आहेत.

प्रोग्रामचे संदेश व सेटिंगा ठेवणाऱ्या '.प्रॉपर्टीज' फाइलींविषयीचा परिच्छेदही मार्गदर्शिकेतून काढावा लागला. 'नेटिव्हटूॲस्की' हे साधन चालवून प्रत्येक मराठी चिन्हाचा क्रमांक लिहिण्याची रीत त्यात दिली होती. ते साधन जेडीके ९ मध्येच काढून टाकले गेले, आणि त्याच आवृत्तीपासून 'रिसोर्सबंडल' या फाइली यूटीएफ-८ मध्ये वाचते. 'प्रॉपर्टीज' वर्गाची 'लोड' ही मेथड मात्र थेट बाइटप्रवाह दिल्यास अजूनही जुन्या आयएसओ-८८५९-१ या रोमन लिपीच्या एन्कोडिंगने वाचते. तिला यूटीएफ-८ सांगितलेला रीडर द्यावा.

उरतो आधीच फुटलेल्या नावांचा प्रश्न. मूळ फाइल उपलब्ध असेल तर तिच्यापासून पुन्हा सुरुवात करावी, दुसरा विचार करू नये. ती नसेल तर काही प्रमाणात भरपाई शक्य आहे. बिघडलेल्या फाइलीत २२४, १६५ यांच्यामागे ६३ आला असेल, तर तेथे पहिला उकार किंवा पाय मोडण्याचे चिन्ह होते; त्यानंतर लगेच अनुस्वार येत असेल, जसा 'मुंबई' मध्ये येतो, किंवा शब्द तेथेच संपत असेल, तर तो उकारच असण्याची शक्यता फार मोठी असते. २२४, १६४ यांच्यामागे ६३ असेल आणि पुढे काना, मात्रा किंवा वेलांटी असेल, तर तो 'झ' होता, कारण स्वरांना अशी चिन्हे लागत नाहीत. बाकीच्या जागा गावांच्या अधिकृत यादीशी ताडून भरता येतात. व्यक्तींच्या नावांना मात्र अशी यादी नसते, म्हणून तेथे अंदाजाने अक्षर भरू नये; ती नोंद बाजूला काढून त्या व्यक्तीकडूनच नाव पुन्हा लिहून घ्यावे.